न दाबलेलं बटण

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जळगावात मेहरूणच्या तलावाला फेरी मारून मी नुकतीच घरात शिरले होते. भडगावहून नानांचा, म्हणजे शैलाच्या मोठ्या भावाचा, फोन आला. "ताई, शैला गेली." मी चपला काढता काढता विचारलं, "इतक्या सकाळी? आणि कुठे, पाड्यावर का?" मग नाना म्हणाले, "तशी नाही ताई..." त्यानंतर ते काय बोलले ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं, की एका पायातली चप्पल काढायची राहिली होती आणि तशीच मी स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद आहे का ते बघत उभी राहिले.

आदल्या संध्याकाळीच तिचा फोन झाला होता. साक्रीतल्या खोलीवर एकटीच होती. बोलता बोलता म्हणाली, "छातीत जळजळ होतेय गं दुपारपासून. पित्त उसळलंय." मी म्हणाले, "ओवा खा थोडा आणि पड." तिने खाल्ला असणार. माझं ती ऐकायची. सत्तावीस वर्षं जिने दुसऱ्यांच्या छातीत काय चाललंय ते शोधत डोंगरातले पाडे पालथे घातले, तिला स्वतःच्या छातीतलं कळलं नाही, आणि मी, तिची शाळेपासूनची मैत्रीण, तिला ओवा खायला सांगितला. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. अजूनही ते वाक्य मनात आलं की मी हातातलं काम टाकून उभी राहते.

आम्ही दोघी भडगावच्या. गिरणेच्या काठी एकाच बाकावर शिकलो. मी पुढे जळगावात वकिली करू लागले, ती समाजकार्याचा अभ्यास करून धुळे जिल्ह्यात गेली ती तिकडचीच झाली. लग्न केलं नाही, त्याचं कारणही कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. साक्रीच्या पश्चिमेला, पिंपळनेरच्या वर जे डोंगर लागतात, तिथल्या पाड्यांवर क्षयरोगाचे पेशंट शोधायचे, त्यांना सरकारी दवाखान्यापर्यंत न्यायचं आणि सहा महिने गोळ्या पूर्ण होईपर्यंत त्यांचा पिच्छा सोडायचा नाही, हे तिचं काम. गोळ्या आपल्या सरकारच्या. पण शोधणारी माणसं, त्यांची गाडी आणि हातात मावणारं एक्स-रे मशीन, हे सगळं परदेशी मदत वाटणाऱ्या अमेरिकन सरकारच्या संस्थेकडून येत असे. ते मशीन आलं तेव्हा ती लहान मुलीसारखी हरखली होती. "आता पेशंटला धुळ्याला न्यायची गरज नाही. एक्स-रेच पाड्यावर जातो!"

मग जानेवारीत ते घडलं. वॉशिंग्टनमध्ये सरकार बदललं आणि नव्या राष्ट्राध्यक्षांनी आल्या आल्या परदेशी मदत थांबवली. पाठोपाठ सगळीकडे आदेश गेले, काम आहे तिथे थांबवा. मी ही बातमी पेपरात वाचली आणि पान उलटलं. तिचा आणि शैलाचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. चार दिवसांनी ती जळगावला आली, माझ्या ऑफिसात बसली आणि पाणीसुद्धा न पिता सांगू लागली.

त्या दिवशी एका पाड्यावर शिबिर होतं. अंगणवाडीच्या ओट्यावर रांग लागली होती. मोगी नावाची तिशीतली बाई पुढे आली. नवऱ्याबरोबर गुजरातेत ऊसतोडीला गेलेली, देवकार्यासाठी दोन दिवस गावी आलेली. अंग वाळलेलं, खोकला दिवाळीपासून. शैलाने तिला उभं केलं, पाठ एक्स-रेच्या पाटीला टेकवली, "हात कमरेवर ठेव, श्वास धर" म्हणाली, आणि तेवढ्यात वरच्या ऑफिसचा फोन आला. या क्षणी काम थांबवा. मशीन पेटीत ठेवा. पेशंटशी आता काही संपर्क नको. शैला म्हणाली, "साहेब, रांगेत अकरा माणसं आहेत. निदान उभी आहे तेवढीचा..." उत्तर आलं, "एकही नाही. काही झालं तर जबाबदारी तुमच्यावर येईल."

"दोन सेकंदांचं काम होतं," ती मला म्हणाली. "तिने श्वास धरून ठेवला होता गं. माझं बोट बटणावर होतं आणि मी त्यांचं ऐकलं. तिला म्हणाले, सोड श्वास, मशीन बंद पडलं. खोटं बोलले."

शैला कधी कुणाचं निमूट ऐकणारी नव्हती. शाळेत हेडमास्तरांशी भांडून तिने मुलींसाठी वेगळं पाण्याचं पिंप मिळवलं होतं. ती शैला ऐकून घेते, हे ऐकूनच मी थिजले. तिला स्वतःलाही त्याचा धक्का माझ्याहून जास्त बसलेला दिसत होता. ती एका हाताचा अंगठा सारखा दुसऱ्या हाताने दाबत होती.

शिबिराच्याच संध्याकाळी तिने आदेश मोडला होता. रांगेतल्या सगळ्यांची नावं कागदावर लिहिली आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांच्या हातात नेऊन दिली. त्यांनी एकेकाला बोलावून तपासलं. मोगी मात्र दुसऱ्या दिवशी उजाडताच गुजरातची जीप धरून निघून गेली होती. कुठल्या फडावर, कुणाला ठाऊक नव्हतं.

तिकडे मदत अडलेल्या काही संस्थांनी सरकारवर दावा लावला होता. त्यानंतर काही महिने शैलाचा रोज सकाळी फोन यायचा. "काय म्हणतं त्यांचं कोर्ट?" मी तिच्यासाठी तिकडच्या बातम्या आणि निकाल वाचू लागले. तिने पहिल्यांदा विचारलं ते असं, "राष्ट्राध्यक्षाला एका सहीत अख्खी संस्था बंद करता येते?" मी सांगितलं, भांडण त्याचंच आहे. दावा करणारे म्हणतात, संस्था त्यांच्या संसदेच्या कायद्याने उभी आहे, पैसा संसदेने मंजूर केलाय, तो अडवण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला नाही. सरकार म्हणतं, परदेशाशी कसं वागायचं हे ठरवणं आमचं काम, आणि या संस्थेत उधळपट्टी चालली होती. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. त्यांचं ठरेपर्यंत आमच्या लोकांनी खोकायचं थांबवायचं का?"

खालच्या न्यायाधीशाने झालेल्या कामाचे पैसे द्या म्हटलं तेव्हा तिने साक्रीच्या बाजारातून जिलबी घेतली. पुढे एक कोर्ट एक बोललं, दुसऱ्याने ते फिरवलं. मला त्यातले कायद्याचे बारकावे आवडू लागले होते, हे कबूल करते. मी उत्साहाने सांगत असायची आणि ती मध्येच विचारायची, "म्हणजे मशीन मिळेल का नाही, तेवढं सांग." माझ्या ओळखीचे एक प्राध्यापक तिच्यासमोरच म्हणाले, परक्याच्या पैशावर आपण किती दिवस काम करायचं? मला वाटलं आता ती भडकेल. ती म्हणाली, "खरंय सर. मलाही तसंच वाटतं. पण माणसाला उतरवायचं तर स्टॉप बघून उतरवा. चालत्या गाडीतून ढकलू नका."

मार्च लागला आणि एके दिवशी ती मला न सांगता बारडोलीच्या बसमध्ये बसली. मोगीच्या दिराकडून मुकादमाचं नाव तेवढं मिळालं होतं. नवापूर, व्यारा करत ती तिकडे पोचली आणि तीन दिवस उसाच्या फडांवरून फिरली. रात्रीला एका देवळाच्या धर्मशाळेत राहिली. तिसऱ्या दिवशी एका पालासमोर मोगी बसलेली सापडली. कोयता धरायची ताकद उरली नव्हती. शैलाला बघून ती म्हणाली, "बाई, मशीन सुधरनं का?"

हे सांगताना शैला माझ्यासमोर पहिल्यांदा रडली.

तिने मोगीला तिथल्याच सरकारी दवाखान्यात नेलं. क्षय निघाला. गोळ्या सुरू झाल्या, मग पुढचं औषध साक्रीला हलवून घेतलं आणि नवरा-बायको दोघांना गावी आणून सोडलं. मार्चअखेरच्या फोनवर तिचा आवाज पूर्वीसारखा झाला होता.

त्याच सुमाराला तिकडच्या दाव्यातल्या एका संस्थेने भागीदार संस्थांकडून हकिगती मागवल्या. आदेशामुळे प्रत्यक्ष काय नुकसान झालं ते लिहून द्या. शैलाने मोगीची हकिगत मराठीत लिहिली, मी इंग्रजीत केली. उलट प्रश्न आला, पेशंट दगावली का? शैलाने कळवलं, नाही, सापडली, बरी होतेय. काही दिवसांनी सभ्य भाषेत उत्तर आलं. या प्रसंगात नुकसान दाखवता येत नाही, त्यामुळे तूर्त वापरत नाही. वकील म्हणून मला ते समजत होतं. कोर्टात जे झालं ते दाखवावं लागतं, जे होता होता राहिलं त्याला कागदावर जागा नसते. तरी ते पत्र तिला वाचून दाखवणं मला जड गेलं. शैला जोरात हसली. "म्हणजे मी केस बिघडवली की गं तुमची!"

पावसाळा लागला आणि मदत वाटणारी ती अमेरिकन संस्था बंदच झाली. उरलंसुरलं काम दुसऱ्या खात्याकडे गेलं. शैलाची नोकरी गेली, मशीन कुणीतरी येऊन घेऊन गेलं. ऑगस्टमध्ये वरच्या कोर्टाने दावा करणाऱ्यांच्या विरोधात निकाल दिला. तो वाचून दाखवायला मी तिला फोन केला, तर ती बसमध्ये होती. एसटीने पाड्यावर निघाली होती, कुणाच्या सांगण्यावरून नाही. "नंतर सांग गं," ती म्हणाली, "इथे रेंज जाते." तो निकाल मी तिला सांगितलाच नाही.

गेल्या आठवड्यात नाना आणि मी तिची साक्रीची खोली रिकामी करायला गेलो. बाजाराचा दिवस होता. भांडी बांधत असताना दारात एक बाई येऊन उभी राहिली. अंगावर धुतलेलं लुगडं, चेहऱ्यावर मांस धरू लागलेलं. तिने आत डोकावून विचारलं, "बाई कोठे शे?"

कधी पाहिलं नव्हतं तरी मी ओळखलं, ही मोगी. शैला गेल्याचं तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. नाना उठून मागच्या बाजूला निघून गेले. मी तिला आत बसवलं आणि जेवढं सरळ सांगता येईल तेवढं सरळ सांगितलं. मोगी रडली नाही. ती माझ्याकडे बघतच राहिली, जणू मीच काहीतरी चूक बोलतेय आणि थोड्या वेळाने सुधारून सांगेन. मग तिने कमरेची पिशवी सोडली. आत दवाखान्याचा घडी घातलेला कागद होता, शेवटची तपासणी साफ आल्याचा, आणि त्याखाली गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, दोऱ्याने बांधून ठेवलेल्या. सहा महिन्यांच्या.

"बाईनी सांगं व्हतं, संपन्यात का माले दखाड," ती म्हणाली. मग हळूच, "आते हाई कोनले दखाडू?"

माझी अहिराणी भडगाव सोडल्यापासून गंजली आहे. तरी तोंडातून तीच आली. "माले दखाड."

तिने दोरा सोडला. रिकाम्या खोलीत फरशीवर आम्ही दोघी समोरासमोर बसलो. ती एकेक पट्टी माझ्या हातात देत गेली आणि मी प्रत्येक खळग्यावरून अंगठा फिरवून बघत गेले, एखादी गोळी राहिली तर नाही ना...

एकही राहिली नव्हती.