खंडेनवमीचा फोटो

झेंडूचा वास आला की मला लोअर परळचा तो छापखाना आठवतो. खंडेनवमी होती, मशीनला हार घातला होता, आणि पूजा झालेलं मशीन त्या दिवशी कुणी चालवत नाही. पण कंपनीला कॅलेंडरसाठी हार घातलेल्या चालत्या मशीनवर 'आमची परंपरा' हवी होती, आणि फोटो काढायचं काम माझ्याकडे होतं. मॅनेजरने रुळांवरची जाळी काढायला लावली. "जाळी राहू द्या," मी म्हटलं. "फोटोत भंगार दिसते हो ती," तो म्हणाला. मशीनवाले काका हसले, "आटप रे बाबा, घरी जेवायला थांबलेत." मशीन सुरू झालं, मी एक फोटो घेतला, तेवढ्यात हार रुळांत ओढला गेला. पूजेचा हार चिरडू नये म्हणून काकांनी हात घातला. 'कामगाराचा निष्काळजीपणा' असं लिहून कंपनी मोकळी झाली, आणि कॅलेंडरवर निर्लज्जपणे तोच फोटो छापला. परवा संघटनेची पत्रकं वाटताना लालबागला काकांच्या खोलीवर गेलो. ते जुनं कॅलेंडर अजून भिंतीवर होतं. मी उतरवायला लागलो तर काकी म्हणाल्या, "असू दे रे. त्यात त्यांचे दोन्ही हात आहेत."