हूं म्हणजे हो नव्हे

माझी लेक इथल्या एका फुकट वाटल्या जाणाऱ्या साप्ताहिकात गाण्यांच्या नव्या सीड्यांवर लिहायची. कुठली घ्या, कुठलीच्या वाटेला जाऊ नका. फोक, जॅझ आणि सायकेडेलिक रॉक म्हणून एक प्रकार, एवढा तिचा इलाका. मी चौथीपर्यंत शिकलेला. उमेदीची सगळी वर्षं इथे कॅनडात, कोक्विटलामजवळच्या लाकडाच्या मिलमध्ये फळ्या उचलण्यात गेली. तिचं इंग्रजी मला वाचता येत नसे. पण त्या सीड्या आधी आमच्या घरात वाजायच्या, आणि निकाल माझी बायको द्यायची.

अर्धांगाच्या झटक्यानं बायकोची वाचा गेली होती. उरला होता फक्त ‘हूं’. लेक शनिवारी सीड्या घेऊन आईच्या पलंगाशी बसायची. फोकमध्ये कुणी बाप्या गिटार घेऊन कण्हत असायचा, बायको गप्प. जॅझमध्ये सगळे आधी भांडायचे आणि मग अचानक एका वाटेला लागायचे. तिथे एखादा हूं. पण त्या रॉकमध्ये एकच सूर भुंग्यासारखा घुमत राहायचा, तिथे ती डोळे मिटून हूं, हूं करत राही.

“आई लाइक्स इट,” लेक म्हणायची. “हीच रेकमेंड करते, बाबा.”

“कर की. तुझ्या शिकलेल्या लोकांपेक्षा तिचे कान बरे.”

“आणि तुम्हाला कुठली आवडली?”

“मला बंद केलेली आवडते.”

मग एकदा वॉशरूममध्ये बायकोला उचलताना आम्ही दोघंही पडलो. ते दवाखान्यात कळलं, आणि तिला घरी ठेवायचं की केअर होममध्ये न्यायचं, हे ठरवायला सरकारी बाई घरी आली. चांगली होती बाई. खुर्ची ओढून तिनं लेकीकरवी बायकोलाच विचारलं, “जिथे तुमच्याकडे बघायला माणसं असतील, तिथे राहायला जायचं का?”

“हूं.”

“मी काय म्हणते ते कळतंय ना?”

“हूं.”

लेकीचे डोळे भरले. “बाबा, आई सेड यस.”

“ते यस नाही,” मी म्हणालो. लेक इथेच जन्मली, इथेच वाढली, तिला कसं कळणार? आमच्याकडे कुणी गोष्ट सांगायला लागला की ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा असतो. हूं म्हणजे ऐकतेय, पुढे बोल. हो नव्हे. मिलमधून आलो की मी बडबडत बसायचो आणि ही भाजी निवडत हूं, हूं करायची. त्यातलं निम्मं तिला पटलेलं नसायचं, जेवताना ते ऐकवायचीच. “सांग त्या बाईला.”

लेकीनं सांगितलं. बाईनं पेन खाली ठेवलं. तेवढ्यात लेकच माझ्याकडे वळली.

“मग म्युझिकचं काय, बाबा? तेही यस नव्हतं?”

“ते वेगळं.”

“वेगळं कसं?”

बाईनं लेकीकरवी विचारलं की खरंच हो म्हणायचं असेल तर त्या काय करतात? मी म्हणालो, इतक्या वर्षांचा संसार आहे, मला कळतं. आणि दाखवूनच द्यावं म्हणून बायकोकडे वाकलो.

“अगं, तुला घरीच राहायचंय ना?”

“हूं.”

तोच आवाज. तसूभर फरक नाही. लेक आणि बाई, दोघींनी माना खाली घातल्या. मी घातली नाही.

तिला केअर होममध्ये नेलंच. तिथे शेजारच्या पलंगावर दुसरी म्हातारी, म्हणून गाणी हेडफोन लावून. हेडफोन लावला की बायको हूं म्हणत नाही. नुसती छताकडे बघते.

“ही रेकमेंड करू का?” लेकीनं एकदा विचारलं.

“तुझा पेपर आहे, तुझं मत लिही. आईला मध्ये घेऊ नकोस.”

जेवणाच्या वेळी मी तिथे हजर असतो. वाटी संपत आली की भरवणारी पोरगी वाकून विचारते, “मोअर?” बायको म्हणते, “हूं.” तिचं पोट भरलंय, हे मला तिच्या कपाळावरून दिसतं. मी म्हणतो, “नो मोअर.” पोरगी हसून म्हणते, “शी सेड यस, सर.” मी रोज भांडतो. पण माझं इंग्रजी जुळून येईपर्यंत चमचा तोंडात गेलेला असतो.