म्हशीची मान

“सर, तुमी अजून हेडमास्तरच करून राह्यले. म्हैस करा, म्हैस!”

असं म्हणून तो स्वतःची मान खांद्यातून सैल सोडायचा, आणि धोतरातला तो किडकिडीत माणूस खरोखर म्हैस दिसायचा. तुम्ही असता तर पुढ्यात चारा टाकला असता.

कामरगावात तो वांगी पिकवायचा आणि बाजारात विकायचा. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनातले नाचही तोच बसवायचा. माझ्या निवृत्तीच्या वर्षी त्याने एक गोष्ट नाचातून मांडायची ठरवली. एक म्हातारी आपली म्हैस विकते. संध्याकाळी म्हैस दावं तोडून परत येते. शब्द नाहीत, नुसतं डफडं.

म्हैस व्हायला एकही मुलगी तयार होईना. “आधी सर होतील, मंग पोरी होतील,” त्याने परस्पर जाहीर केलं. आठ दिवस मी सगळ्या शाळेसमोर दोरीने ओढला गेलो. शिपाई तोंडात रुमाल कोंबून खिडकीत उभा.

“मान पडून नाई राह्यली, सर. घर सुटलं अन् मान ताठच?”

“तुला काय ठाऊक म्हशीचं?” मी चिडलो.

“माही इकली होती कारंज्याच्या बाजारात. अशीच गेली.”

“मग परत आली?”

“नाई आली. म्हनून तर नाचात आनली.”

शेवटी सातवीतल्या एका मुलीला माझी कीव आली आणि ती म्हैस झाली. तालुक्याच्या स्पर्धेत म्हातारीने परतलेल्या म्हशीपुढे पाण्याची बादली सरकवली, तेव्हा पहिल्या रांगेतले पाहुणे चष्मे पुसू लागले. ढाल आम्हालाच मिळाली.

“हा नाच बसवला कोणी?” माइकवरून विचारणा झाली.

मागच्या भिंतीपाशी तो इस्त्रीचा सदरा सावरत उठू लागला होता. मी त्याला पाहिलं. आणि म्हणालो, “मी.”

तो पुन्हा खाली बसला.

परतताना जीपमध्ये एवढंच बोलला, “आज तर मान लयच ताठ होती, सर.” पुढच्या बाजारी त्याने नेहमीसारखी दोन वांगी माझ्या पिशवीत वरून टाकली. शाळेत मात्र पुन्हा कधी आला नाही.

गेल्या उन्हाळ्यात तो वारला. इतकी वर्षं माझ्या कपाटावर मिरवलेली ढाल घेऊन मी त्याच्या घरी गेलो. “ही तुझ्या बाबांची,” त्याच्या मुलीला म्हणालो, आणि तुम्हाला सांगितलं तेच सगळं तिला सांगितलं. तिने पाण्याचा तांब्या तेवढा माझ्यापुढे सरकवला.

माझी मान आपोआप खांद्यातून सुटली. अगदी जमली. पाहायला तो नव्हता.