येलदरीचा बर्फ

दत्ता गेल्याचं मला विभागातल्या शिपायानं सांगितलं, मी हजेरीवर सही करत असताना. "सर, दत्ता सरांना पहाटं अटॅक आला. दवाखान्यात न्यायच्या आतच गेले." मी सही पूर्ण केली. अशा वेळी माणूस काय करेल याचा नेम नसतो. महिना होत आला, तरी परभणीच्या आमच्या प्रयोगशाळेत शिरताना वाटतं, हा कोपऱ्यातून ओरडेल, "दार लाव आधी, धूळ येतेय." चिडका होता. विनाकारण फ्रिज उघडला तर दिवसभर बोलायचा नाही.

बऱ्याच खटपटीनंतर त्याला परदेशातून एक रिकॉम्बिनंट मानवी प्रथिन मिळालं होतं. आपल्या शरीरात रक्तपेशी वाढवणारं हे प्रथिन. माणसाचं जनुक दुसऱ्या पेशींत घालून त्यांच्याकडून बनवून घेतलेलं, केवळ प्रयोगशाळेतल्या कामासाठी. औरंगाबादहून तो ते बर्फाच्या थर्मासात घेऊन निघाला. आत पत्र्याची डबी, डबीत कुपी. पण ते नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. जिंतूरच्या अलीकडे एसटी थांबली ती थांबलीच. तिथून त्याचं गाव चालत जाण्याजोगं. थर्मास छातीशी धरून तो थोरल्या भावाच्या, गणपतदादांच्या दारात उभा राहिला.

बर्फ वितळायला लागला होता. दादांनी फार काही विचारलं नाही. सायकल काढली आणि येलदरीला गेले. धरणावर मासळीच्या पेट्यांत भरायला बर्फ यायचा, तो पोत्यात गुंडाळून आणला. रस्ते बंद होते तोवर रोज आणला. स्वतःच्या हातानं डबीभोवती भरला, डबी मात्र उघडली नाही. आणि आमचे दत्तोबा खुशीत येऊन घरच्यांना समजावत बसले, यात काय आहे, हे रक्त कसं वाढवतं... त्याच घरात वहिनी अंथरुणाला खिळल्या होत्या. दोन्ही किडन्या निकामी होत आलेल्या, अंगात रक्त उरलेलं नाही. आईमागं दत्ताला त्यांनीच वाढवलं होतं. शिकलेल्या माणसालाही कुठं काय बोलू नये ते कळत नाही.

"माणसाचंच हाय म्हणतोस," दादा म्हणाले. "रक्त वाढवतं म्हणतोस. मग दे की तिला."

"देता येत न्हाई, दादा. ते प्रयोगाचं हाय."

"तुझा प्रयोग मोठा झाला का तिच्यापरीस?"

रस्ते सुरू झाले तसा दत्ता थर्मास घेऊन परभणीला आला. वहिनी त्या उन्हाळ्यात गेल्या. दादांनी त्याला खांदा देऊ दिला नाही, आणि पुढं त्याच्याशी कधी बोललेही नाहीत. औषध हातात असून यानं दिलं नाही, असं भावकीत आणि जिंतूरच्या बाजारात सांगत राहिले.

मला ते सहन व्हायचं नाही. त्या कुपीत एका इंजेक्शनपुरतंही प्रथिन नव्हतं, आणि होतं ते माणसाला टोचण्याजोगं नव्हतं. वहिनी त्यानं वाचल्या नसत्या. "जाऊन सांग ना दादांना," मी एकदा भांडलोच. तो काचपट्ट्या पुसत होता. म्हणाला, "सांगितलं तर त्याच्या हाती काय राहील? तिच्यासाठी काहीच करता येण्यासारखं नव्हतं, एवढंच ना? त्यापेक्षा माझ्यावरचा राग बरा. त्या रागावर तो उठतो तरी, शेतात जातो..." मला हे पटलं नाही, आजही पुरतं पटत नाही. त्यात ह्याचा जीव कुढत गेला. सणावाराला गावी जाणं सुटलं. जेवणाचा डबा उघडायचा आणि तसाच बंद करायचा.

गेल्या आठवड्यात गणपतदादा प्रयोगशाळेत आले. टोपी हातात. "सर, ती डबी हाय का?" म्हणाले.

प्रयोग केव्हाच संपला होता, पण दत्तानं रिकामी कुपी डबीसकट फ्रिजमध्ये मागच्या बाजूला ठेवली होती. दादांनी डबी पहिल्यांदा उघडली. करंगळीच्या पेराएवढी कुपी उजेडाकडं धरली.

"यवढीच?"

"एवढीच. त्यातही तेव्हा तळाशी थेंबभरच होतं." मग मी सगळं सांगून टाकलं. सांगू नकोस म्हणणारा आता नव्हता.

दादांनी कुपी बोटांत फिरवली. "म्या लय बोललो त्याला... गावभर बोललो. त्यानं एकदा तरी उलटून सांगायचं."

"तुम्हाला राग धरायला कुणीतरी पाहिजे, असं म्हणायचा."

त्यांनी कुपी डबीत ठेवली, झाकण लावलं आणि डबी माझ्या हातात दिली.

"मंग आता कुणावर धरू?"

ते गेल्यावर डबी परत फ्रिजमध्ये ठेवली. ती थंड ठेवण्याचं काही कारण नाही, पण ठेवली.