गोणपाट बांधलेली पावलं

स्टुडिओत सगळे त्याला खटपट्या म्हणत. कामच तसं होतं. पडद्यावर कुणी जिना चढायला लागलं की तळमजल्यावरच्या बंद खोलीत हा माइकसमोर फळीवर जोडे आपटणार. पडद्यावर कुणाचं हाड मोडलं की हा कच्चं गाजर मोडणार. खोलीभर जुने बूट, कड्या, साखळ्या, वाळू भरलेले ट्रे. बायको म्हणायची, "भंगारवाला परवडला. तो निदान विकतो तरी."

त्या वर्षी युद्धावरच्या माहितीपटाचं काम आलं. लष्कराच्या कॅमेरामननं तेव्हा टिपलेली फिल्म मूक होती. पहाटेचं दाट धुकं आणि लाकडी पुलावरून माघारी येणारे सैनिक. कमरेखाली सगळे धुक्यात बुडालेले. दिग्दर्शिकेनं त्याला सांगितलं, "लोकांनी ही माघार शाळेच्या पुस्तकात वाचलीय, चार ओळींत. आता ही माणसं चालताना ऐकू आली पाहिजेत."

खटपट्यानं खिळे मारलेले लष्करी बूट मिळवले, फळ्या अंथरल्या आणि चालत सुटला. कधी लयीत, कधी लंगडत, कधी पाय ओढत. ते सगळे आवाज एकावर एक चढवल्यावर एका माणसाची पलटण झाली. ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा आला.

त्याचे वडील, अण्णा, त्याच माघारीत होते. पण घरात माहीत होतं ते एवढंच. लहानपणी यानं विचारलं की अण्णा म्हणत, "होतो. बरं, मग?" मग याला पुढचा प्रश्न सुचत नसे. लढाईनंतर अण्णांनी आयुष्यभर बस चालवली आणि बसबद्दल मात्र भरभरून बोलले.

बायको आजारी आईकडे गेली होती. अण्णांना अधूनमधून चक्कर यायची, म्हणून खटपट्या त्यांना स्टुडिओत घेऊन आला. नेमकी त्याच दिवशी दिग्दर्शिका पुलाचा प्रसंग ऐकायला आली.

"अण्णा, तुम्ही बाहेर बसता का? लढाईचं आहे."

"बसतो इथंच."

प्रसंग सुरू झाला, संपला. अण्णा पडद्याकडेच बघत होते. "हे कोण चालतंय?"

"तुमचीच माणसं. आवाज माझा."

"आमचा आवाज नव्हता."

दिग्दर्शिकेला वाटलं, म्हातारपणामुळे गोंधळ होतोय. पण अण्णा शांतपणे सांगू लागले. "पलीकडच्या टेकडीवर शत्रूची चौकी होती. एक बूट वाजला असता तरी पुलावरच संपलो असतो. सगळ्यांनी बुटांवर गोणपाट बांधलं होतं. बोलायचं नाही, खोकायचं नाही." मग म्हणाले, "गवयाला खोकला होता."

"गवई कोण?" दिग्दर्शिकेनं हळूच विचारलं.

"आमच्या तुकडीतला. बरा गायचा. छाती भरून आली होती त्याची. तोंडात रुमाल कोंबून पुलापर्यंत आला आणि तिथं उबळ आली. पुढे नाही आला. बाजूला होऊन मातीच्या ढिगाला टेकून बसला. मी दंडाला धरून ओढलं, तर हात सोडवून घेतला त्यानं."

"मग?"

"मग आम्ही पूल ओलांडला."

खटपट्याच्या हातात अजून ते बूट होते. ते कुठे ठेवावेत हे त्याला कळेना.

निर्माता आडवा आला. बुटांचा आवाज काढून टाकला तर प्रेक्षकांना काही ऐकूच येणार नाही, म्हणाला. दिग्दर्शिका म्हणाली, "त्या सैनिकांना आवाज येऊ द्यायचाच नव्हता." ती मागे हटली नाही.

खटपट्यानं बुटांवर गोणपाट बांधलं आणि चालून पाहिलं. अण्णांनी मान हलवली. "फार सावरून चालतोस तू. जेवलेला माणूस वाटतोस." शेवटी तेच उठले. मुलानं त्यांच्या पायांना गोणपाट बांधलं, कोपराला धरलं आणि दोघं फळ्यांवरून मिळून चालले. माइकनं टिपला तो नुसता घसरता, ओला आवाज आणि म्हाताऱ्या माणसाचा श्वास. दिग्दर्शिकेनं श्वास तसाच ठेवला. गवयाची हकिकतही, त्याच्या नावगावासकट, अण्णांच्याच तोंडून घेतली. अण्णांची अट एकच होती. "त्याच्याबद्दल विचारा. माझ्याबद्दल नको."

माहितीपट टीव्हीवर लागला तेव्हा त्या प्रसंगाला अनेकांना आपला टीव्ही बिघडला असं वाटलं. लोक आवाज वाढवायला उठले आणि तसेच उभे राहून ऐकत राहिले.

पुढच्या आठवड्यात एक वयस्कर बाई पत्ता शोधत घरी आल्या. त्या गवयाची धाकटी बहीण होत्या.

"आम्हाला बेपत्ता म्हणून कळवलं होतं," त्या म्हणाल्या. "आई शेवटपर्यंत घर बदलू देईना. परत आला तर शोधणार कुठे, म्हणायची."

अण्णांनी त्यांना खुर्ची पुढे केली. बाईंनी विचारलं, "घाबरला होता का?"

"घाबरलो तर सगळेच होतो. पण मी वळून पाहिलं तेव्हा त्यानं हात केला. ये म्हणून नाही. जा म्हणून."

बाईंनी तो प्रसंग पुन्हा दाखवायला सांगितला, तेव्हा खटपट्यानं आपल्याकडची माहितीपटाची प्रत घरातल्या टीव्हीवर लावली. त्या पडद्याजवळ जाऊन एकेक चेहरा पाहू लागल्या. अण्णा म्हणाले, "यात तो नाही, ताई. हे सगळे त्याच्यामुळे यात आहेत."

चहा घेताना बाईंनी डोळे पुसले आणि विचारलं, "तुम्ही म्हणालात, बरा गायचा. खरंच?"

"आम्हाला तरी वाटायचं."

"घरी आम्ही कान झाकून घ्यायचो," असं म्हणून त्या हसल्या, आणि अण्णाही.

खटपट्याकडे नंतर एका विनोदी सिनेमाचं काम आलं. दिवसभर डबे आणि झाकणं वाजवून तो दमून घरी येई. जेवताना कधी कधी अण्णा आपणहून लढाईतलं काहीतरी सांगू लागत आणि मध्येच थांबत. खटपट्या पुढचं विचारत नसे. घास हातात धरून तो वाट बघत राही.