पाहुण्यांसाठी घातलेला ड्रेस

"अरे, ये क्या पहनकर आ गई? किसी की शादी है क्या?"

वर्ग घेणारी दीदी सगळ्यांसमोर बोलली. पोरं-पोरी हसली. मी दारातच थिजले. अंगावर मामाच्या लग्नात शिवलेला पिवळा ड्रेस, केसांना तेल, दोन वेण्या, लाल रिबिनी. आईने सकाळीच सगळं करून दिलं होतं. वर्गात देणग्या देणारे पाहुणे येणार होते. पाहुणे येणार म्हणजे चांगलं घालायचं. आम्हाला दुसरं ठाऊकच नव्हतं.

"जा, वो रोज वाला पहनकर आ. और बाल इतने चिपकाकर मत आना. जल्दी."

तेव्हा मी पंधरा वर्षांची. रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं, बाबांना तिथल्या बीरगांवच्या कारखान्यात काम लागलं, म्हणून भंडाऱ्याकडून आलो. शाळा चौथीतच सुटलेली. समता कॉलोनीकडची कॉलेजातली मुलं-मुली रविवारी आमच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, यायची. बाहेरून आलेल्या आम्हा पोरांना इंग्रजी शिकवायची. मला तो वर्ग फार आवडायचा. ओडिशाची सबिता तिथेच भेटली. रायपुरातली माझी पहिली मैत्रीण.

घरी गेले. "काहून परत आली वं?" आईने विचारलं. सांगितलं. तिचं तोंड उतरलं.

बाबा म्हणाले, "घाल ना जुना. इंग्रजी शिकून राहिली न तू? मंग?"

मी काही बदललं नाही. तशीच परत गेले. वाटेत पहिल्यांदा शंका आली. पाहुण्यांसमोर म्हणायला इंग्रजी वाक्यं पाठ करून घेतली होती. ती कशाची? अर्थ कोणी सांगितलाच नव्हता. पोचल्या पोचल्या दीदीला विचारलं.

"यही, कि हम गंदे रहते थे, कुछ नहीं आता था. भैया-दीदी ने हमें रहना सिखाया. अब बैठ, पीछे बैठ."

पाहुणे आले. सबिताने वाक्यं म्हटली. टाळ्या. मग मला उभं केलं.

"मैं नहीं बोलूँगी."

"क्यों?"

"मैं गंदी नहीं रहती थी."

कोणी हसलं नाही. पुढच्या रविवारी दीदीने मला दारातूनच परत पाठवलं. "तेरे लिए जगह नहीं है." सबिता आत बसली होती. तिने मान वर केली नाही. माझी इंग्रजी तिथेच थांबली.

आता माझी पोरगी तेरा वर्षांची आहे. परवा अशीच कॉलेजातली पोरं दारात आली. गोड बोलली. "आंटी, भेजिए न, फ्री है." पोरगी मागे लागली, "मम्मी, जाने दो ना."

सगळे तसे नसतील. पण चेहऱ्यावरून मला काय कळणार? त्या दीदीचाही चेहरा चांगलाच होता.

पोरीला पाठवणार. इंग्रजी तिला आलीच पाहिजे. पण मी सोबत जाणार. पाठ करायला दिलेल्या प्रत्येक वाक्याचा अर्थ विचारणार. चार लोकांत बोलायला अजूनही मला अवघड जातं. जाऊ दे. अर्थ सांगितल्याशिवाय मी तिथून उठणार नाही. आणि या वेळी मला कोणी दारातून परत पाठवून दाखवावं.