जरा कळ काढ!

लग्नात पंगतीला बसले की शेजारची एखादी हळूच कोपर मारते, "बाई, ती पुसेगाववालीची गोष्ट सांगा ना!" आता बुंदीचा घास हातात धरून बाळंतपणं सांगायची का? पण सांगते. मग समोरची म्हणते, "हे काहीच न्हाई, आमच्या जावेचं ऐका," की तिचीही माझ्या गाठोड्यात येऊन पडते. मी मुद्दाम एकही गोळा केलेली नाही. उलट काही विसरायचा फार प्रयत्न केला, त्याच नेमक्या चिकटून बसल्यात.

निजामाच्या अमलात मी कळमनुरीच्या सरकारी दवाखान्यात नर्स होते. डॉक्टरसाहेब हैदराबादचे. माणूस सज्जन, पण नियमाला गोचिडासारखा चिकटलेला. कंपाउंडर करीमभाई इथलेच. आणि कपाटात, कुलपात, भुलीची बाटली. क्लोरोफॉर्म!

कळ आली की बाईच्या तोंडावर जाळी धरायची, जाळीवर फडकं, फडक्यावर चार थेंब. बाई पुरती झोपत नाही, पण कळेची धार बोथट होते. हैदराबादला ट्रेनिंगमध्ये मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मला वाटलं, आता कळमनुरीच्या बायका मला दुवा देतील.

कसली दुवा! बाटली काढायची तर आधी इजाजतनामा पाहिजे. उर्दूत छापलेला परवानगीचा कागद, त्याखाली अंगठा. आणि तो अंगठाही जिला कळा येतात तिचा नाही, सोबत आलेल्या माणसाचा! नवरा लावेल, सासू लावेल, दीरसुद्धा लावेल. जिचा जीव चाललाय तिचा चालायचा नाही.

*

पहिल्यांदा ती बाटली निघाली ती कोणासाठी? अमीनसाहेबांसाठी. म्हणजे पोलिसांचे मोठे साहेब. बोटाला नखुरडं झालं होतं, ते चिरायचं होतं.

आत बाळंतपणाच्या खोलीत एक बाई कालपासून कळा देत होती. तिचा नवरा अंगठा लावायला तयार नव्हता, म्हणून बाटली बंद. आणि इकडे अमीनसाहेबांनी नुसतं "हाय अल्ला" म्हणायचा अवकाश, कुलूप उघडलं! कागद नाही, अंगठा नाही, काही नाही. पाव बाटली त्या एका बोटाला गेली.

शुद्धीवर आल्यावर मला म्हणतात, "बाई, ऐसी तकलीफ दुश्मन को भी न हो!"

तेवढ्यात आतून त्या बाईची किंकाळी आली. साहेब दचकले. "कौन चिल्ला रहा है? बीमार आदमी को आराम नहीं करने देते!"

*

एक शेतकरी बुवा मात्र समजूतदार निघाले. मी सगळं नीट सांगितलं, त्यांनी मान डोलावून नीट ऐकलं. म्हटलं, चला, देव पावला!

बुवा म्हणाले, "देऊन टाका. पर पोरगं असंल तरच. पोरीसाठी सरकारचं औषध काहून नासायचं?"

मी म्हटलं, "अहो, बाहेर आल्याशिवाय पोरगं की पोरगी कसं कळणार?"

बुवांनी थोडा विचार केला. "मंग बाहेर आल्यावर द्या!"

*

आता डोंगरकड्याची सखू. हिचं सांगताना मला अजून राग येतो.

पहिलटकरीण, अठराएक वर्षांची. सोबत सासू, गयाबाई. गयाबाईचा आवाज असा की दवाखान्याच्या ओसरीतून बोलली तर बाजारात ऐकू जावं. सखूला कळ आली की गयाबाई म्हणायची, "जरा कळ काढ!" पुन्हा कळ, पुन्हा "जरा कळ काढ!" दिवसभर हेच. शेवटी मीच वैतागले. म्हटलं, "गयाबाई, कळ काढायला आमच्याकडे औषध आहे. अंगठा लावा, मी काढते!"

"आमी काय शुंगून बाळंत झालो का?" गयाबाई कडाडली. "सात झाले मला. एक तर निंदताना झालं, नाळ कापून पुन्हा खुरपं धरलं!"

सखूने माझा हात घट्ट धरला. "बाई, मला ते द्या. मी व्हय म्हन्ते ना!"

मी कागद आणि शाईचा डबा घेऊन गयाबाईपुढे उभी राहिले. तर तिने काय करावं? अंगठा मुठीत घेतला, मूठ पदराखाली घातली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. मी डॉक्टरसाहेबांकडे धावले. ते म्हणाले, "कायदा नहीं है, बाई." कायदा नाही! माझ्या हाताला सखूच्या नखांचे वण आठ दिवस होते.

पोरगं झालं, छान झालं. गयाबाईने दवाखानाभर गूळ वाटला. सखू मात्र भिंतीकडे बघत पडून होती. मला म्हणाली, "बाई, दुखून राह्यलं मला. मंग माझा आंगठा काहून चालत न्हाई?"

ट्रेनिंगमध्ये हे काही शिकवलं नव्हतं.

जाताना उंबऱ्यात थांबली. "पुढच्या बारीला मी ते घेतल्याबिगर न्हाई, सांगून ठेवते." गयाबाईने मागून ढोसलं, "चाल, गाडी थांबली!"

*

एकदा एका बाळंतिणीसोबत तिची आजी आली. म्हातारी म्हणाली, "घरातलं कुलूप, गाठ, झाकण काहीबी बंद राह्यलं, तर बाई मोकळी होत न्हाई." म्हटलं, बरं, घरी जाऊन उघडा.

म्हातारीने दवाखान्यालाच घर मानलं! मी बाळंतपणात गुंतलेली, डॉक्टरसाहेब दौऱ्यावर. तिने मलमांचे डबे उघडले, आयोडीन उघडलं, करीमभाईंच्या जेवणाच्या डब्याचं झाकण काढलं. मग करीमभाईंना म्हणाली, "बाबा, ते कपाट." करीमभाईंचं मन मेणाचं. म्हाताऱ्या बाईला नाही कसं म्हणायचं? दिलं उघडून! म्हातारीने भुलीच्या बाटलीचं बूचसुद्धा काढून बाजूला ठेवलं.

बाळ झालं, म्हणून सांगायला मी बाहेर आले. बघते तर औषधाच्या खोलीत करीमभाई स्टुलावर डोलून राहिलेत, म्हातारी कपाटाला टेकून गोड हसून राहिली, आणि बाळाचा बाप दारात बसून घोरतोय! बाटली निम्मी उडालेली. मी आधी खिडक्या उघडल्या, मग एकेकाला ओढत ओसरीवर काढलं.

त्या दिवशी कळमनुरीच्या दवाखान्यात सगळ्यांना भूल मिळाली. एका बाळंतिणीला सोडून!

*

आणि ही पुसेगाववाली. तिचं बाळ अडलं होतं. चिमटा लावून काढायचं, म्हणून डॉक्टरसाहेबांनीच भूल द्यायचं ठरवलं. नवऱ्याचं नाव मारोती. भेदरून त्याने एकाच्या जागी तीन अंगठे लावले. मला वाटलं, आज तरी घोडं गंगेत न्हालं!

आता आपल्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. ही तर इतकी मर्यादेची की रजिस्टरात लिहायला मी नवऱ्याचं नाव विचारलं, तर म्हणाली, "शनवारी तेल वाहतेत ना, ते!"

अर्धी भूल चढली आणि बाईंनी तोंड उघडलं. "अरे मारोत्याऽऽ! मुडद्याऽऽ! तुझं वाटोळं झालं रे मारोत्याऽऽ!" ओसरीवर सासरची सगळी मंडळी बसलेली. दिराने कानावर हात ठेवले. मारोती बिचारा खांबाआड गेला. नाव एकदा नाही, बाळ बाहेर येईपर्यंत अखंड चालू!

करीमभाई समजूत घालायला गेले. "अरे भाई, मारोती का नाम लिया ना? भगवान का नाम लिया समझो!"

दीर म्हणाला, "देवाला कोन मुडद्या म्हन्ते का हो?"

पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत ही बातमी तालुकाभर झाली. झालं! त्यानंतर आलेला प्रत्येक नवरा कागद बघून आधी विचारायचा, "नाव तर घेनार न्हाई ना?" एकाने तर तसं सरकारकडून लिहून मागितलं. आणि डॉक्टरसाहेब खरंच नियमांचं पुस्तक उघडून बसले!

मी कपाळाला हात लावला. बायकांनी मरणाच्या कळा सोसाव्यात, पण यांची नावं सांभाळावीत!

*

दोन वर्षांनी डोंगरकड्याची बैलगाडी पुन्हा दारात. मला वाटलं, सखू आली. सखू आलीच होती, सातवा महिना दिसत होता. पण दुखणं तिचं नव्हतं. गाडीत गयाबाई पालथी पडलेली, पाठीवर ही एवढी काळपुळी! गयाबाईचा तो आवाज, पण आज नुसता "आई गं, आई गं."

तिला टेबलावर घेतलं, डॉक्टरसाहेबांनी पाहिलं. म्हणाले, आत्ताच चिरावं लागेल.

गयाबाईने मान वर केली. "बाई, ते शुंगायचं हाय ना तुमच्याकडं? ते द्या मला. आधी ते द्या!"

मी चिरायची हत्यारं उकळायला ठेवली.

डॉक्टरसाहेबांनी नेहमीचं विचारलं, "साथ में कौन है?"

मुलगा बैलबाजाराला गेला होता. सोबत होती फक्त सखू. मी इजाजतनामा आणला, शाईचा डबा उघडून तिच्यापुढे धरला. सखूने कागदाकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं. हात काही पुढे केला नाही.

"अगं लाव की आंगठा!" गयाबाई ओरडली. "जीव चाल्ला माझा!"

"जरा कळ काढा, आत्याबाई," सखू म्हणाली. मग पोटावरचा पदर नीट करून माझ्याकडे वळली. "बाई, अजून एक कागद आना. माझ्या बाळंतपनाचा. त्याच्यावर आधी आत्याबाईंचा आंगठा घ्या. मंग ह्याच्यावर मी लावते."

डॉक्टरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरा कागद आणायला निघालेसुद्धा होते.

गयाबाईने टेबलावर पालथ्या पालथ्याच पदराखालून हात बाहेर काढला, मूठ उघडली, अंगठा पुढे केला.

"शाई कुठंय?"